पुनर्प्रक्रिया म्हणजे विल्हेवाट नव्हे

अणुवीज प्रकल्पाच्या जनसुनावणीत कुणी कचऱ्याचा विषय काढला की व्यासपीठावरून एक ठरलेले उत्तर येते. इतर देश वापरलेले इंधन कचरा समजून पुरतात, आपण त्यातून कामाचे द्रव्य काढून घेतो. आपले इंधनचक्र बंदिस्त आहे. शेवटी उरतो तो दोन-तीन टक्के ऐवज, तोही काचेत पक्का बंद केलेला. त्यामुळे जमिनीखाली खोल भांडार बांधण्याची भारताला नजीकच्या काळात गरज नाही. संसदेतल्या प्रश्नांना अणुऊर्जा विभाग हेच सांगत आला आहे. निवृत्त शास्त्रज्ञांच्या लेखांत आणि व्याख्यानांतही हेच असते, आणि ऐकणारे समाधान मानून पुढच्या विषयाकडे वळतात.

या उत्तराची सुरुवात खरी आहे आणि शेवट चुकीचा. पुनर्प्रक्रियेने कचऱ्याचे आकारमान घटते, पण भांडाराची गरज संपत नाही. अणुवीज हवी की नको, हा वाद मी इथे घालत नाही. आजवर तयार झालेली वीज केव्हाच वापरून झाली. तिचा कचरा तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला आहे आणि उद्या देशातली एकूण एक अणुभट्टी बंद केली तरी तो तिथेच असणार आहे. त्याला कायमची जागा शोधणे ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे आणि या ठरलेल्या उत्तराच्या आडोशाने आपण ती टाळतो आहोत.

आधी प्रत्यक्ष काय होते ते नीट पाहू. अणुभट्टीतून काढलेले इंधन काही वर्षे पाण्याच्या तलावात निवू देतात. मग त्याच्या नळ्या कापून आतला ऐवज नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. मागे राहते एक आम्लधर्मी द्रावण. त्यात सीझियम असते, स्ट्रॉन्शियम असते, टेक्नेशियम, नेप्च्युनियम, अमेरिशियम असते. वापरलेल्या इंधनातला जवळपास सगळा किरणोत्सार या द्रावणात उतरतो. ते टाक्यांत साठवून ठेवणे धोक्याचे असते. १९५७ साली सोव्हिएत संघात मायाक इथे अशाच द्रव कचऱ्याची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली, टाकीचा स्फोट झाला आणि मोठा मुलूख दूषित झाला. म्हणून त्या द्रावणाचा घन पदार्थ करायचा. जाड भिंतींच्या कोठडीत, शिसेयुक्त काचेच्या खिडकीबाहेर उभे राहून, यांत्रिक हातांनी हे काम चालते. द्रावण आटवतात, त्यात काच बनवणारी द्रव्ये मिसळतात, सुमारे हजार अंश सेल्सियसला सगळे वितळवतात आणि तो रस पोलादी डब्यात ओततात. निवल्यावर डब्याला झाकण वेल्ड होते. तारापूरच्या साठवणगृहात असे डबे हवेच्या नैसर्गिक झोताने थंड होत राहतात, पंखा लागत नाही की वीज लागत नाही.

या कामात आपल्या माणसांनी दाखवलेले कसब खरे आहे. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट असते आणि नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत ते नीट सामावत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी बेरियम घातलेली वेगळी काच तयार केली. याच कचऱ्यातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या गेल्या, त्या रक्तपेढ्यांतल्या किरणन यंत्रांत वापरल्या जातात. रुथेनियम काढून डोळ्यांच्या कर्करोगावरच्या उपचारासाठी दिले गेले. हे मोजक्या देशांना जमले आहे आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. माझा आक्षेप या कामाला नाही. या कामाच्या जोरावर जो निष्कर्ष काढला जातो, त्याला आहे.

पहिला दावा आकारमानाचा. दोन-तीन टक्केच उरतात, असे सांगताना हे सांगायचे राहून जाते की जवळपास सगळा किरणोत्सार त्या दोन-तीन टक्क्यांतच असतो. कचऱ्याचा धोका त्याच्या वजनावर ठरत नाही. शिवाय पुनर्प्रक्रिया स्वतःचा वेगळा कचरा निर्माण करते. कापलेल्या नळ्यांची टरफले, वापरून खराब झालेली द्रावके, रेझिने, प्लुटोनियमचा अंश लागलेली उपकरणे, हातमोजे, गाळण्या. यातला बराचसा भाग काचेत जात नाही आणि दीर्घायुषी द्रव्ये असल्यामुळे पृष्ठभागालगतच्या खंदकातही कायमचा ठेवता येत नाही.

फ्रान्सकडे पाहिले की हे स्पष्ट दिसते. बंदिस्त इंधनचक्राचा आदर्श म्हणून आपण ज्याचे नाव घेतो तो हाच देश. ला हाग इथला त्याचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प दशकानुदशके चालला आहे आणि त्याच्या प्रमाणाशी आपली तुलना होऊ शकत नाही. इतके करूनही फ्रान्स ईशान्येकडच्या ब्यूर गावाजवळ सुमारे ५०० मीटर खोल चिकणमातीच्या खडकात भांडार उभारू पाहतो आहे. सिजेओ त्याचे नाव. १९९१ च्या कायद्याने संशोधन सुरू झाले, २०२३ च्या जानेवारीत परवान्यासाठी अर्ज दाखल झाला. त्या भांडारात सुमारे १०,००० घनमीटर उच्च पातळीचा, म्हणजे मुख्यतः काचेतला कचरा जायचा आहे. त्याच्या जोडीला मध्यम पातळीचा पण दीर्घायुषी कचरा जायचा आहे तो सुमारे ७३,००० घनमीटर, काचेच्या सात पटींहून जास्त. पुनर्प्रक्रियेने भांडाराची गरज संपत असती तर ती सर्वांत आधी फ्रान्सची संपली असती.

जपाननेही पुनर्प्रक्रियेचेच धोरण घेतले, आणि तरीही २००० साली खोल भांडाराचा कायदा केला. ब्रिटनची कथा आपल्यासाठी अधिक बोलकी आहे. प्लुटोनियम हे उद्याचे इंधन आहे, असे मानून ब्रिटनने सेलाफील्डमध्ये पुनर्प्रक्रिया चालवली आणि सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम साठवले. उद्याच्या अणुभट्ट्या आल्याच नाहीत. २०२२ मध्ये तिथली पुनर्प्रक्रिया पूर्ण थांबली आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने जाहीर केले की हे प्लुटोनियम घन स्वरूपात बंदिस्त करून शेवटी भूगर्भात ठेवायचे. संपत्ती म्हणून जमवलेले द्रव्य कचऱ्याच्या यादीत जाऊन बसले. अणुकचरा ही संपत्ती आहे, असे आपल्याकडे वारंवार म्हटले जाते. संपत्ती ती ठरते जेव्हा तिचा वापर होतो. तोवर ती पहारा लागणारी जोखीम असते.

दुसरा दावा तीनशे वर्षांचा. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे आहे. अमेरिशियम-२४१ चे ४३२ वर्षे आणि नेप्च्युनियम-२३७ चे २१ लाख वर्षे. ही जड द्रव्ये कचऱ्यातून वेगळी काढून फास्ट ब्रीडर अणुभट्ट्यांत जाळून टाकली की मागे मुख्यतः सीझियम आणि स्ट्रॉन्शियम उरतील. त्यांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास असल्याने तीनशे वर्षांत कचऱ्याची विषारकता मूळ युरेनियमच्या खनिजाइतकी खाली येईल, असे सांगितले जाते.

कागदावर हे गणित बरोबर आहे. प्रत्यक्षात त्याला तीन अडथळे आहेत. एक, वेगळे काढणे जवळपास शंभर टक्के व्हावे लागते आणि ते प्रत्येक फेरीत व्हावे लागते. थोडा अंश जरी मागे राहिला तरी तीनशे वर्षांचा हिशेब बिघडतो. तारापूरला या तंत्राचे प्रात्यक्षिक झाले आहे, ते आवश्यक होते, पण प्रात्यक्षिक आणि देशभराच्या कचऱ्यावरची नित्याची प्रक्रिया यांत फार अंतर आहे. दोन, ही द्रव्ये जाळायला फास्ट ब्रीडर अणुभट्ट्यांचा मोठा ताफा लागतो. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रायोगिक ब्रीडरचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले, ते २०१० मध्ये पुरे व्हायचे होते. तिच्या गाभ्यात सामग्री भरण्यास सुरुवात झाली २०२४ च्या मार्चमध्ये. फ्रान्सने आपली सुपरफिनिक्स बंद केली. जपानची मोंजू १९९५ च्या सोडियम गळतीनंतर कधीच धड चालली नाही आणि २०१६ मध्ये ती मोडीत काढण्याचा निर्णय झाला. रशियाच्या ब्रीडर अणुभट्ट्या चालतात, पण त्यांच्याही मागे कचरा उरतोच. या मार्गावर संशोधन जरूर व्हावे. पण जी यंत्रे अजून उभी नाहीत त्यांच्या भरवशावर आज असलेल्या कचऱ्याचे नियोजन करता येत नाही.

तिसरा अडथळा सर्वांत मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जो कचरा आधीच काचेत ओतला गेला आहे, त्यात अमेरिशियम आणि नेप्च्युनियम मिसळलेलेच आहे. ती काच टिकावी, पाण्यात विरघळू नये, म्हणूनच तर तिची निवड झाली. ती पुन्हा फोडून, विरघळवून तिच्यातून हे अंश वेगळे काढण्याचे काम प्रत्यक्षात कोणी करणार नाही. म्हणजे उद्या तंत्रज्ञान कितीही पुढे गेले तरी आजवर भरलेल्या डब्यांसाठी तीनशे वर्षांचा हिशेब लागूच होत नाही. त्यांना भांडारच लागेल.

आणि तीनशे वर्षे हा काळ तरी लहान आहे का? तीनशे वर्षांपूर्वी पेशवाई होती. तेव्हापासून आपल्या मुलखावर किती राज्ये आली आणि गेली, किती दप्तरे जळाली, किती सीमा हलल्या, हे सांगायला नको. पण इतके मागे जायचीही आवश्यकता नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक किरणन यंत्र होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते कॅनडातून आले आणि १९८५ नंतर वापरात नव्हते. पुढच्या पंचवीस वर्षांत त्या खोलीत काय ठेवले आहे, याची जाणीव संस्थेतून पुसली गेली. २०१० च्या फेब्रुवारीत ते भंगार म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथल्या कामगारांनी ते तोडले. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांनी विकले त्यांनाही त्याचे भान नव्हते. एक कामगार दगावला, अनेक जण किरणोत्साराने भाजले आणि आजारी पडले. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये असेच घडले. बंद पडलेल्या दवाखान्यातून सीझियमचे यंत्र भंगारवाल्यांच्या हाती गेले आणि चार जणांचा जीव गेला, त्यात एक लहान मुलगी होती. राजधानीतल्या एका नामांकित विद्यापीठाला पंचवीस वर्षे आठवण टिकवता आली नाही. पृष्ठभागावरचे साठवणगृह हे शेवटी माणसांच्या आठवणीवर, पहाऱ्यावर, अर्थसंकल्पावर आणि शिस्तीवर उभे असते. खोल भांडाराची सगळी कल्पना हीच, की माणसे विसरली, सरकार पडले, पहारा उठला, तरी खडकाने आपले काम करत राहावे.

तिसरा दावा सबुरीचा. काचेचे डबे गरम असतात, ते पुरण्याआधी तीस-चाळीस वर्षे निवू द्यावेच लागतात, मग घाई कशाला, असा हा मुद्दा आहे. निववावे लागतात हे बरोबर. पण तारापूरचा पहिला काचीकरण प्रकल्प १९८०च्या दशकातला आहे. तिथल्या सुरुवातीच्या डब्यांची तीस वर्षे नुसती भरत आलेली नाहीत, ती उलटून गेली आहेत. आणि जागा शोधायला किती काळ लागतो, ते इतर देशांनी दाखवून दिले आहे. फिनलंडने १९८३ मध्ये वेळापत्रक ठरवले की २००० पर्यंत जागा निवडायची आणि २०२०च्या दशकात भांडार सुरू करायचे. त्यांनी ते जवळपास तंतोतंत पाळले, तरी चाळीस वर्षे लागली. स्वीडनने सत्तरच्या दशकात काम हाती घेतले, सरकारी मंजुरी मिळाली २०२२ मध्ये. फ्रान्स १९९१ पासून आजवर अर्जाच्या टप्प्याला आहे. जर्मनीने १९७७ मध्ये गोरलेबेन ठरवले, चार दशके तिथे आंदोलने झाली आणि २०२० मध्ये ते नाव यादीतून निघाले. शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे. डबे निवण्याचा काळ हा शोधाचाच काळ आहे. तो हातावर हात ठेवून घालवला, तर डबे निवतील तेव्हा आपल्यापाशी खडकाचा नकाशाही नसेल, कायदाही नसेल आणि लोकांचा विश्वासही नसेल.

दरम्यान कचरा वाढणार आहे. आज देशाची अणुवीज क्षमता आठ-नऊ हजार मेगावॅटच्या घरात आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट जाहीर झाले. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यामुळे एका टनातून मिळणारी ऊर्जा कमी आणि बाहेर पडणारे इंधन जास्त. ७०० मेगावॅटच्या एका अणुभट्टीतून वर्षाला सुमारे शंभर टन वापरलेले इंधन निघते. तारापूर आणि कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पांची रचनाच मुळी प्रत्येकी वर्षाला शंभर टनांची. म्हणजे एका नव्या अणुभट्टीमागे एक पूर्ण प्रकल्प. जे इंधन वेळेत पुनर्प्रक्रियेला जाणार नाही ते तलावांत आणि साठवणगृहांत थांबणार. याचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये अमेरिकेच्या इंधनावर सुरू झाल्या. त्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेला अमेरिकेने संमती दिली नाही आणि ते दशकानुदशके तारापुरातच सांभाळत बसावे लागले. कागदावरचे बंदिस्त चक्र राजकारणाच्या एका नकाराने उघडे पडते, हे पालघर जिल्ह्याने पाहिले आहे.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने अणुवीज निर्मितीत खासगी कंपन्यांना प्रवेश देणारा कायदा केला. वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया आणि उच्च पातळीचा कचरा मात्र सरकारकडेच राहणार आहे. ही वाटणी सुरक्षेच्या दृष्टीने योग्य असेल. पण मग कंपनीची वीज विकून झाल्यावर त्या कचऱ्याचा शतकभराचा खर्च कोणी आणि कशातून करायचा, हे आजच ठरले पाहिजे. फिनलंड आणि स्वीडनमध्ये वीज कंपन्यांना यासाठी १९८०च्या दशकापासून स्वतंत्र निधीत पैसे भरावे लागतात. भांडार बांधायचेच नाही, असे म्हणत राहिलो तर निधी कशासाठी गोळा करायचा, हा प्रश्नही कधी निघणार नाही.

चौथा दावा उघडपणे केला जात नाही, पण सगळ्या टाळाटाळीच्या मुळाशी तोच आहे: जागेचे नाव काढले की लोक पेटून उठतात, म्हणून नाव न काढलेले बरे. याला आधार कोलारचा. १९८०च्या दशकात कोलारच्या चॅम्पियन रीफ खाणीत सुमारे हजार मीटर खोलीवर तापक बसवून खडक उष्णतेपुढे कसा वागतो, याचा चांगला प्रयोग झाला होता. पुढे २०१२ मध्ये कुडनकुलमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर अणुकचऱ्यासाठी कोलारच्या बंद खाणींचा उल्लेख झाला. कोलारच्या लोकांना ही बातमी वर्तमानपत्रांतून कळली. खाणी बंद पडल्यामुळे आधीच देशोधडीला लागलेल्या त्या गावात संताप उसळला आणि तसा कोणताही बेत नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला.

कोलारमधून लोक अडाणी आहेत असा धडा घेणाऱ्यांनी घटनाक्रम पुन्हा वाचावा. लोकांना कोणी विचारले नव्हते. कोणते निकष, कोणता खडक, किती कचरा, किती वर्षे, यातले काहीही त्यांच्यापुढे ठेवलेले नव्हते. विश्वासाची कमाई जिथे झाली नाही तिथे विरोध होणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि पुनर्वसनासाठी तिथल्या माणसांना वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्या व्यवस्थेने घराच्या जागेचा शब्द वेळेवर पाळला नाही, तिने हजारो वर्षांच्या सुरक्षिततेचा शब्द दिला तर माणसे तो का मानतील?

लादलेली जागा टिकत नाही, हे अमेरिकेने भरपूर पैसे घालवून सिद्ध केले. १९८७ मध्ये तिथल्या काँग्रेसने बाकीच्या जागा बाजूला सारून नेवाडातला युक्का डोंगर एकटाच निवडला. राज्याचा विरोध होता. अब्जावधी डॉलर खर्च झाले आणि २०१० मध्ये काम थांबले. फिनलंडने उलटा रस्ता घेतला. कायद्याने स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार दिला. २००० च्या जानेवारीत एउरायोकीच्या परिषदेने २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, पुढच्या वर्षी संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी त्याला मान्यता दिली. आज तिथे ओंकालो नावाचे भांडार सव्वाचारशे मीटरच्या आसपास खोल, सुमारे १९० कोटी वर्षे जुन्या खडकात तयार आहे. लोखंडी गाभ्याच्या तांब्याच्या कुप्या, भोवती बेंटोनाइट माती, भोवती खडक. एक अडसर निकामी झाला तर दुसरा असावा, अशी ही रचना. स्वीडनमध्ये तांबे गंजेल का, यावर शास्त्रज्ञांत जाहीर वाद झाला. २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयाने त्या मुद्द्यावर आणखी पुरावा मागितला. तरीही ओस्टहामर नगरपालिकेने २०२० मध्ये होकार दिला. शंका उघड मांडल्या गेल्या म्हणून विश्वास वाढला.

इथे मला दुसऱ्या बाजूलाही उत्तर दिले पाहिजे. अणुकचऱ्यावर जगात उपायच नाही, असे अणुऊर्जेचे विरोधक म्हणतात. जैतापूरच्या आंदोलनात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि त्यामागची कळकळ मला समजते. पण ते खरे नाही. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात निसर्गतःच साखळी अभिक्रिया सुरू झाली होती. १९७२ मध्ये हे उघडकीला आले. तिथे तयार झालेल्या प्लुटोनियमसह बरीचशी द्रव्ये इतक्या दीर्घ काळात फारशी दूर सरकलेली नव्हती. योग्य खडक हे काम करू शकतो. अयोग्य जागा घाईने निवडली तर काय होते, तेही माहीत आहे. जर्मनीतल्या आसे या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान सुमारे सव्वा लाख पिंपे टाकली गेली. आता खाणीत पाणी शिरते आहे आणि ती पिंपे परत काढण्याचा कायदा करावा लागला. न्यू मेक्सिकोतल्या भांडारात २०१४ मध्ये एक पिंप फुटले, कारण कचऱ्यात खनिज मातीऐवजी धान्यापासून बनवलेला शोषक मिसळला गेला होता. या चुका ओळखता आल्या, त्यांची कारणे सापडली, ती टाळता येतात.

उपाय नाही, असे म्हणत राहण्याचा परिणाम उलटा होतो. सरकारला काही न करण्याची सबब मिळते. इटलीने १९८७ च्या सार्वमतानंतर अणुभट्ट्या बंद केल्या, जर्मनीने शेवटच्या तीन २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद केल्या. दोन्ही देशांत कायमची जागा अजून ठरलेली नाही आणि कचरा तात्पुरत्या साठ्यांत आहे. जैतापूर रद्द झाले तरी ट्रॉम्बेचा कचरा मुंबईच्या कुशीतच राहील. मानखुर्द-चेंबूरच्या माणसाला अणुऊर्जा आवडो वा नावडो, भांडार त्याच्याही हिताचे आहे. म्हणून ही मागणी समर्थकांची आणि विरोधकांची मिळून व्हायला हवी.

मागणी काय, तेही स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट, हिशेब. देशात काचेतला कचरा किती, मध्यम पातळीचा दीर्घायुषी कचरा किती, तो कुठे आहे, दरवर्षी किती वाढतो, हे संसदेपुढे दरवर्षी मांडावे. वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार १९९७ चा आहे. त्यातले सदस्य देश ठरावीक काळाने असा अहवाल देतात आणि इतर देश त्यावर प्रश्न विचारतात. भारत त्यात सामील नाही. सामील व्हावे. नागरी कचऱ्याचे आकडे जाहीर केल्याने देशाच्या संरक्षणाला बाधा येत नाही.

दुसरी, कायदा. जागा शोधणारी संस्था अणुऊर्जा विभागापासून वेगळी असावी, कारण जो कचरा निर्माण करतो त्यानेच त्याची जागा आणि सुरक्षा ठरवू नये. आधी निकष जाहीर व्हावेत, नावे नंतर. आपला दख्खनचा बेसाल्ट थरांचा आणि भेगांचा आहे, त्यातूनच आपल्या विहिरींना पाणी येते. ग्रॅनाइटसारखा अखंड खडक देशात इतरत्र विपुल आहे. कोणता खडक का योग्य आणि कोणता का अयोग्य, हे भूजलाच्या आणि भूकंपाच्या माहितीसह लोकांच्या भाषांत छापून यावे.

तिसरी, नकाराचा अधिकार. ठरलेल्या टप्प्यापर्यंत ग्रामसभेला नाही म्हणता आले पाहिजे आणि त्या नकारानंतर तिथले काम थांबले पाहिजे. हे आपल्याकडे अशक्य नाही. २०१३ मध्ये नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि देशाने तो मानला. जिथे नकार खरा असतो तिथेच होकाराला किंमत येते. आणि एकदा ठेवलेले परत काढण्याची सोय काही पिढ्यांपुरती ठेवावी. फ्रान्सच्या कायद्याने निदान शंभर वर्षे ती सक्तीची केली आहे.

चौथी, निधी. अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे, सरकारी असो वा खासगी, कचऱ्यासाठी वेगळी रक्कम कापली जावी आणि ती दुसऱ्या कशालाही वळवता येऊ नये.

यातले काहीही अणुऊर्जा कार्यक्रमाच्या विरोधात जात नाही. उलट एक लाख मेगावॅटचे स्वप्न पाहणाऱ्यांनीच हे आधी मागायला हवे होते. आपण काच बनवायला शिकलो, तेव्हा अवघड काम अर्ध्यावर आणले. उरलेल्या अर्ध्यासाठी आधी ‘नजीकच्या काळात गरज नाही’ हे वाक्य सरकारी उत्तरांतून काढून टाकावे लागेल. त्याच्या जागी शोध कधी सुरू करणार, याची तारीख लिहावी लागेल. जैतापूरच्या पुढच्या जनसुनावणीत, कुडनकुलमच्या, हरियाणातल्या गोरखपूरच्या आणि संसदेच्या प्रत्येक अधिवेशनात विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि दोन-तीन टक्क्यांचे उत्तर मिळाले तर तो पुन्हा विचारायचा आहे.